रफीकभाई आणि उलटी कॉपी

एंटर दाबण्याआधी आमचे रफीकभाई गिऱ्हाइकाकडून तीनदा 'कबूल' म्हणवून घेतात. निकाहासारखे साक्षीदारही लागतात. कुणी नसलं तर शेजारच्या पंक्चरवाल्याला उभं करतात.

नांदेडात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस कसबी, पण एक नंबरचा भित्रा. गेल्या महिन्यात माझा कॉम्प्युटर सुरूच होईना. आत मुलीचे लहानपणापासूनचे सगळे फोटो. मी तो उचलून त्यांच्या दुकानात नेला. रफीकभाईंनी डिस्कला कान लावला. "सर, ही लई दिवसाची सोबतीण न्हाई."

त्यांनी पेनड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरीच सिस्टिम सुरू केली. बंद पडलेल्या सिस्टिमला न उठवता तिची पार्टिशनं, म्हणजे डिस्कमधले कप्पे, बाहेरून उचलून नव्या डिस्कवर ठेवायची, ही त्यांची रीत. "पेशंटनं सोताचं ऑपरेशन सोता करू न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

पण पडद्यावर दोन्ही डिस्कांची नावं जवळपास सारखीच. "उलटी कॉपी झाली तर कोरी डिस्क तुमच्या फोटोंवर चढंल. मग रडून उपेग न्हाई." मग त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली.

"कुठून?"

"जुनीतून."

"कुठं?"

"नवीत."

मी तीनदा 'कबूल' म्हणालो, तरी त्यांचं बोट एंटरवर टेकेना. शेवटी साक्षीला उभा केलेला पंक्चरवाला वैतागला, "भाई, दाबा की! तिकडं गिऱ्हाईक खोळंबलंय."

दोन तासांनी सगळं सुखरूप उतरलं. मी हात जोडले, तर रफीकभाई खाली बघत म्हणाले, "सर, एक मागू? तुमच्या पोरीच्या वाढदिवसाचे फोटो बघू देता? आमचा इम्रान यायचा न्हाई का केक खायला?"

इम्रान त्यांचा मुलगा, आता पुण्यात नोकरीला. त्याच्या लहानपणीचे सगळे फोटो रफीकभाईंनी स्वतःच एकदा उलटी कॉपी करून पुसले होते. त्याला हे सांगायची हिंमत आजवर झाली नव्हती.

"त्याला बाळ झालंय. 'अब्बा, माझे फोटो पाठवा, बाळ माझ्यावर गेलंय का बघायचंय,' म्हणून राहिला. महिना झाला, टाळून राहिलो."

आम्ही एकेक फोटो बघत गेलो. पाचव्या वाढदिवसाला इम्रान सापडला, मागच्या रांगेत, अर्धा चेहरा फुग्याआड. मला वाईट वाटलं, आणि थोडी लाजही. माझ्याकडे हजारो फोटो होते.

रफीकभाईंनी तो फोटो मुलाला पाठवला आणि निरोप रेकॉर्ड करायला मोबाइल तोंडाजवळ धरला. "एवढाच हाय, बेटा. बाकीचे माझ्या हातून गेले."

मग मोबाइल उपडा ठेवून ते उत्तराची वाट बघत बसले. मीही उठलो नाही.