टिटवीने दाखवलेला चंद्र

एका जंगलात, मुलांनो, प्रत्येक प्राण्याकडे मोबाइल होता आणि तरसाकडे कॅमेरा होता.

कॅमेऱ्याची भिंग लावलेली नळी तरसाच्या तोंडापेक्षा लांब होती. म्हणून सगळे त्याला तरससाहेब म्हणत. आकाशातलं त्याला काय कळतं, असं कुणी विचारलं नव्हतं. नळी लांब होती ना, मग झालं.

जंगलाच्या पश्चिमेला एक मुरमाड माळ होता. तिथे टिटवी राहायची. टिटवी घरटं बांधत नाही, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. नसेल तर मी सांगतो. ती उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मध्ये अंडी घालते. अंडीही खड्यांसारखीच दिसतात. तिने चार घातली होती.

त्या महिन्यात बीजेला चंद्राची कोर आणि शुक्र शेजारी शेजारी येणार होते. तिजेला चंद्र गुरूजवळ जाणार होता. पूर्वी बीजेची कोर दिसली की प्राणी अंगावरचा एक केस उपटून तिला वाहायचे आणि म्हणायचे, "जुनं घे, नवं दे." केस अजूनही उपटत. फक्त आता कुणीतरी व्हिडिओ घेईपर्यंत थांबत.

बीजेला सूर्य मावळला आणि सगळं जंगल माळावर आलं.

"अहो, जपून! इथे माझी अंडी आहेत!" टिटवी ओरडली.

"शूऽऽ," हरणी म्हणाली. "ताई, माझ्या व्हिडिओत तुमचा आवाज येतोय."

"पण अंडी..."

"हो, हो. झालंच आमचं."

तेवढ्यात तरससाहेबांनी तिपाई रोवली. तिपाईचा एक पाय खड्यांत गेला. बारीक आवाज झाला. तो टिटवीलाच ऐकू आला.

तरस भला प्राणी होता. त्याने पाय उचलून पाहिला. तो पिवळा झाला होता.

"अरेरे," तो म्हणाला. "फार वाईट झालं, टिटवीताई. आम्ही फोटोखाली तुमचं नाव टाकू. स्थळ सौजन्य, टिटवी."

आणि खरंच टाकलं. सहाशे जणांनी अंगठे दिले.

टिटवी रात्रभर फुटलेल्या कवचाशेजारी बसून रडली. याचा फोटो कुणी काढला नाही.

तिजेला प्राणी दुप्पट आले. टिटवी प्रत्येकापुढे जाऊन हात जोडून सांगत होती. पंख जोडून म्हणा. सगळ्यांनी ऐकून घेतलं. सशाने तर तिच्या दुःखावर चार ओळी लिहून टाकल्या आणि त्या टाकता टाकता दुसऱ्या अंड्याच्या अगदी कडेला पाय ठेवला.

त्या संध्याकाळी टिटवीच्या एक गोष्ट लक्षात आली. आकाशाकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे तरससाहेबांच्या नळीकडे बघत होते. नळी जिकडे वळेल तिकडे मोबाइल वळत होते.

चौथीला दुपारीच ती तरससाहेबांकडे गेली.

"साहेब, कुणाला सांगणार नसाल तर एक सांगते."

"बोला ना, ताई."

"पूर्वेच्या टेकडीवरून ग्रह फार छान दिसतात. अजून तिथे कुणी गेलेलं नाही. तुम्हीच पहिले."

तरससाहेबांनी कुणालाही सांगितलं नाही. संध्याकाळी टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती.

टेकडीपलीकडे माणसांचं गाव होतं. गावात पाण्याची टाकी होती आणि तिच्यावर मोठा पांढरा गोल दिवा होता. शेजारी मोबाइलचा टॉवर होता. त्याच्यावर लाल दिवा लुकलुकत होता.

नळी तिकडे वळली.

"चंद्र!" हरणी म्हणाली. "अगंबाई, केवढा मोठा!"

"काल तर कोर होती," ससा म्हणाला.

"झपाट्याने वाढतोय," तरससाहेब म्हणाले. "आणि तो लाल, तो मंगळ. आज भलताच जोरात आहे."

म्हातारं अस्वल मागे उभं होतं. त्याच्याकडे मोबाइल होता, पण तो घरी विसरला होता. ते पश्चिमेकडे तोंड करून म्हणालं, "अरे पोरांनो, चंद्र तर इकडे आहे."

"आजोबा, जरा बाजूला व्हा," हरणी म्हणाली. "फोटोत येताय."

"अरे पण खरंच इकडे आहे. शुक्र पण आहे खाली. बघा तरी!"

कुणी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी जंगलाच्या आकाशदर्शन मंडळाची सभा झाली आणि आकाशाविषयी गोंधळ पसरवल्याबद्दल सभासदांच्या यादीतून अस्वलाचं नाव कमी करण्यात आलं. टिटवीला हे कळलं तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली. पण ती अंड्यांवर बसली होती. उठून जाता येत नव्हतं.

माळावर त्यानंतर कुणी आलं नाही. आठ दिवसांनी तीन पिल्लं बाहेर पडली आणि लगेच तुरूतुरू धावायला लागली.

पुढे टेकडीवरच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. टाकीच्या दिव्याला पहिलं बक्षीस मिळालं. मार्गदर्शक म्हणून टिटवीचा सत्कार ठेवला होता. तिला नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

समोर सगळं जंगल बसलं होतं. अस्वल दाराबाहेर उभं होतं. टिटवीने त्याच्याकडे पाहिलं आणि ठरवलं, आता खरं काय ते सांगून टाकायचं. तिने चोच उघडली.

"एक मिनिट, ताई," तरससाहेब म्हणाले. "आधी एवढंच सांगा. पुढच्या वर्षीचा कार्यक्रम टेकडीवरच घ्यायचा, की पुन्हा तुमच्या माळावर?"

टिटवीने चोच मिटली. मग पुन्हा उघडली.

"टेकडीवरच," ती म्हणाली. "चंद्र तिथूनच दिसतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अस्वल घरी गेलं.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरे बोलावे. मात्र त्याआधी आपली अंडी कुठे आहेत, ते एकदा पाहून घ्यावे.