लिटरला चौदा

लाल रंगाची, दोन दारांची, पोट रस्त्याला टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार मी घेतली, तेव्हा माझ्या आयुष्यात कसलीही कमतरता नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लोक म्हणतात, या वयात माणूस लाल गाडी घेतो म्हणजे घरात काहीतरी बिनसलं असणार. तसं काही नव्हतं. घरात सगळं सुरळीत होतं. जरा जास्तच सुरळीत होतं, एवढीच काय ती तक्रार.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानांतले काटे, पेट्रोलपंपांची मापं, पाकिटांवरचे आकडे तपासणं हे माझं काम. एका पाकिटावर नुसतं 'पाचशे' छापलं होतं, पुढे ग्रॅम की मिलिलिटर ते लिहायचं राहिलं होतं. मी दुकानदाराला म्हणालो, "पाचशे काय? पाचशे हत्ती?" आणि दंड ठोकला. हा किस्सा आमच्या ऑफिसात अजून सांगितला जातो. (बहुतेक वेळा मीच सांगतो.) नात्याची भीड मी ठेवत नाही. बायकोचं औषधांचं दुकान आहे, दारात माणसांचं वजन करायचा काटा आहे. तोही मी स्वतः तपासला आणि बिनचूक आहे अशी खात्री पटल्यावरच त्यावर सहीशिक्का केला.

इतकी वर्षं काटेकोर जगल्यावर माणसाला एखादी गोष्ट डोळे मिटून करावीशी वाटते. जुन्या गाड्यांच्या दलालाकडे ती लाल गाडी उभी होती. मी आत बसलो, इंजिन सुरू केलं, आणि तिने जी डरकाळी फोडली ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला. (हा एकच काटा मी तपासला नाही.)

"मागची सीट फारच लहान दिसते," मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"ती नुसती नावाला हो," दलाल म्हणाला. "तिथं छत्री ठेवायची, पिशवी ठेवायची, नाहीतर ज्याच्यावर राग असेल त्याला बसवायचं."

मी खदखदून हसलो. आता आठवलं की हसू येत नाही.

घरी आलो तर सासरे दारातच उभे. ते बसडेपोचे मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले आहेत आणि गुडघे दुखायला लागल्यापासून आमच्याकडेच असतात. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला चपलेने हलकेच ढोसलं आणि विचारलं, "लिटरला किती देते?"

"बाबा, ही ॲव्हरेज बघून घ्यायची गाडी नाही," मी म्हणालो. "ही चालवण्याचा आनंद देते."

"आनंद किती देते ते कुठं विचारलं मी? लिटरला किती देते?"

एवढ्यात बायको बाहेर आली. तिने गाडी पाहिली, मला पाहिलं, पुन्हा गाडी पाहिली. दुकानात गिऱ्हाईक चिठ्ठीशिवाय भलतंच औषध मागतं, तेव्हा ती असंच पाहते.

"गाडी छान आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही ही रोज ऑफिसला नेणार. जुनी गाडी लिटरला बारा देते. हिने महिन्याभरात बारा देऊन दाखवले तर ठेवू. नाहीतर त्या दलालाला परत."

"बारा? बारा तर ही हसत हसत देईल!" मी म्हणालो. मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. पण आत्मविश्वासाला माहिती लागतेच असं नाही.

सोय अशी होती की या गाडीत हिशोब ठेवावा लागत नव्हता. स्टिअरिंगमागे एक स्क्रीन होता, त्यावर 'ॲव्हरेज' असं येऊन पुढे ठसठशीत आकडा दिसायचा. आकड्याखाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी होतं. वाचायचा चष्मा मी गाडी चालवताना काढून ठेवतो, म्हणून डोळे बारीक करून पाहिलं: एल, मग तिरकी रेघ, मग शंभर, मग काहीबाही. मॉडेलचं नाव असणार. ऑफिसात हेडक्लार्कने विचारलं, "साहेब, कुठलं मॉडेल?" मी सहज म्हणालो, "एल-हंड्रेड."

"अरे वा!" तो म्हणाला. त्यालाही काही माहीत नव्हतं.

पहिला आठवडा मी ती गाडी मांडीवर अंड्यांची पाटी असल्यासारखी चालवली. एसी बंद, पाय हलका, सिग्नल लांबून दिसला की गाडी आपली आपण घरंगळू द्यायची. एक आजोबा सायकलवरून मला मागे टाकून पुढे गेले आणि माझ्याकडे काळजीने वळून पाहू लागले. मजा तर गेलीच, पण दुःख वेगळंच होतं. इतकं करूनही ॲव्हरेजचा आकडा रोज घसरत होता. सोमवारी अकरा. बुधवारी दहा. शनिवारी नऊ! सासरे रोज संध्याकाळी विचारायचे, "काय, किती?" आणि मी तोंड धुवायला निघून जायचो. मला ती गाडी फार आवडली होती हो. ती परत द्यावी लागणार या विचाराने जेवण जात नव्हतं.

पुढच्या सोमवारी मला ऑफिसला उशीर झाला. मनात म्हटलं, जाणारच आहे ना ही, मग जाताजाता एकदा हौस तरी भागवून घेऊ. गावाबाहेरून जाणाऱ्या मोकळ्या रस्त्याला लागलो आणि पाय दाबला. काय सांगू! पाठ सीटला चिकटली, झाडं मागे पळायला लागली, आणि आपण निरीक्षक आहोत हे मी साफ विसरलो. वळणावर मी चक्क गाणं म्हणत होतो. ऑफिसच्या दाराशी करकचून ब्रेक मारला आणि भीतभीत स्क्रीनकडे पाहिलं.

ॲव्हरेज साडेदहा.

वाढलं होतं! मी दुसऱ्या दिवशी आणखी जोरात गेलो. बारा. तिसऱ्या दिवशी प्रत्येक सिग्नलवरून बाण सुटावा तसा सुटलो. तेरा. शुक्रवारी चौदा! ज्या कोड्याने जगभरच्या गाडीवाल्यांची झोप उडवली आहे, की पेट्रोल वाचवायचं का मजा करायची, ते मी एका आठवड्यात सोडवलं होतं. दोन्ही एकच होतं!

अशा वेळी माणसाने गप्प बसावं, पण मला ते जमत नाही. मधल्या सुट्टीत मी ऑफिसात व्याख्यान दिलं. "गाडी ही पळण्यासाठी जन्माला आलेली असते," मी म्हणालो. "तिला हळू चालवलं की ती मनातल्या मनात कुढते. कुढणारं इंजिन जास्त पितं. तिला मोकळं सोडा, ती तुम्हाला भरभरून देईल." हेडक्लार्कने मान डोलावली. (तो माझ्या हाताखाली आहे. मान डोलावणं त्याच्या कामातच येतं.)

घरी सासऱ्यांना सांगितलं, "चौदा!"

"चौदा?" ते म्हणाले. "या इंजिनाला?"

"या इंजिनालाच."

सासरे छताकडे बघत बसले.

एकच गोष्ट खटकत होती. टाकी चार दिवसांत रिकामी व्हायची. लिटरला चौदा देणारी गाडी, घर ते ऑफिस एवढंच अंतर, आणि पेट्रोल गायब. म्हणजे कुठेतरी चोरी होती. आणि आमच्या खात्यातल्या माणसाला चोरी कुठे असते ते सांगावं लागत नाही. चोरी मापात असते.

मी ज्या पंपावर पेट्रोल भरायचो, त्या पंपावर आम्ही पाच लिटरचं सरकारी माप घेऊन धाड घातली. गिऱ्हाइकांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. मालक हाताची घडी घालून उभा होता. पहिलं यंत्र तपासलं, बरोबर पाच लिटर. दुसरं, बरोबर पाच. तिसरं, बरोबर पाच. चौथ्यातून चमचाभर पेट्रोल जास्तच आलं.

"साहेब," मालक नम्रपणे म्हणाला, "हे चमचाभर जास्त गेलं, त्याचा दंड मी भरायचा का तुम्ही?"

संध्याकाळी मी ही सगळी हकिकत घरी सांगितली. पंपवाल्यांच्या नव्या नव्या युक्त्या यंत्रातही सापडत नाहीत, असं माझं मत मी मांडलं. बायकोने ऐकून घेतलं, किल्ली उचलली, खाली जाऊन गाडीत जरा वेळ बसली आणि परत आली. तिचा चेहरा अगदी शांत होता.

"मी आठवडाभर चालवून बघू का?" तिने विचारलं. "आकडा शून्यावर आणू, तुमचं ॲव्हरेज वेगळं, माझं वेगळं."

"बघ की! पण मग पैज लाव," मी सासऱ्यांसमोर छाती काढून म्हणालो. "ज्याचं ॲव्हरेज चांगलं, त्याची गाडी. किल्ली कायमची त्याच्याकडे. नंतर कुरकुर चालणार नाही."

"नक्की?"

"शब्द म्हणजे शब्द! एवढंच काय, जुनी गाडी मी उद्याच विकतो."

आणि विकली. हेडक्लार्कलाच विकली. त्या आठवड्यात मी ऑफिसला गेलो तो माझ्याच जुन्या गाडीत, त्याच्या शेजारी बसून. तो फार हळू चालवायचा. मी त्याला म्हणालो, "अरे, कुढतेय ती!" तो म्हणाला, "कुढू दे साहेब, आता माझी आहे."

बायको रोज सासऱ्यांना शेजारी बसवून दुकानात जायची. मी संध्याकाळी खाली जाऊन आकडा बघायचो. दहा. मग नऊ. मग आठ! माझं मन अगदी भरून आलं. बिचारी. "अगं, जरा जोरात चालव," मी तिला प्रेमाने समजावलं. "भिऊ नकोस. पाय दाब."

"असं म्हणता?" ती म्हणायची आणि भाजी चिरायला लागायची. सासऱ्यांना तेव्हाच नेमका खोकला यायचा.

रविवारी निकाल. आम्ही तिघं गाडीपाशी जमलो. स्क्रीनवर लखलखीत आठ.

"माझे चौदा, तुझे आठ," मी म्हणालो. "वाईट वाटून घेऊ नकोस. आण किल्ली."

"देते," बायको म्हणाली. "पण आठ काय?"

"आठ काय म्हणजे?"

"आठ काय? आठ हत्ती?"

मी हसायला लागलो, कारण वाक्य माझंच होतं. मग हळूहळू हसणं थांबलं.

"ते आकड्याखाली काय लिहिलंय?" तिने विचारलं.

"ते? ते मॉडेलचं नाव आहे. एल-हंड्रेड."

सासऱ्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

"चष्मा लावा," बायको म्हणाली.

मी चष्मा लावला. एल, तिरकी रेघ, शंभर, आणि पुढे ते जे काहीबाही होतं, ते 'किलोमीटर' होतं.

"शंभर किलोमीटरला इतके लिटर," बायको चिमुकल्या मुलाला औषधाचा डोस सांगावा तशी म्हणाली. "तुम्ही समजत होता, गाडी चौदा देते. ती चौदा देत नव्हती हो, चौदा पीत होती. म्हणजे लिटरला जेमतेम सात. माझे आठ म्हणजे लिटरला साडेबारा. अभिनंदन, गाडी राहिली."

"तुला हे केव्हा कळलं?"

"त्या संध्याकाळी. गाडीत बसल्याबरोबर."

"आणि तू बोलली नाहीस?"

"बोलणारच होते. तेवढ्यात तुम्ही पैज लावलीत. नवरा इतक्या आत्मविश्वासाने बोलत असताना मध्ये तोंड घालणं बरं दिसत नाही." तिने किल्ली पर्समध्ये टाकली. "आमच्याकडे मिलिग्रॅमच्या जागी ग्रॅम वाचलं तर माणूस जातो. तुमची नुसती किल्ली गेली. तुमच्या खात्यात याला दंड किती?"

"एकक लिहिलं नाही तर दंड आहे," मी म्हणालो. "लिहिलेलं वाचलं नाही तर कायद्यात तरतूद नाही."

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. किल्ली बायकोची. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, म्हणून पुढची सीट त्यांची. जुनी गाडी मी आवेशात विकलेली. उरली ती छत्रीची जागा. मी मागे शिरलो म्हणजे काय, मला घडी घालून ठेवलं. गुडघे हनुवटीला, मान तिरकी. पण डोळ्यांवर चष्मा होता, आणि तेवढ्या फटीतून स्क्रीन स्पष्ट दिसत होता.

मोकळ्या रस्त्याला लागल्यावर बायकोने एकदा आरशात पाहिलं, आणि पाय दाबला. गाडीने डरकाळी फोडली. सासरे ओरडले, "शाबास पोरी!" वळणावर ती चक्क गाणं म्हणायला लागली. आणि आकडा चढायला लागला. साडेआठ. नऊ. दहा.

आता मात्र मी बरोबर होतो. शंभर टक्के बरोबर! "बघ, बघ!" मी मागून ओरडलो. "आकडा वाढतोय! गाडी पितेय! हळू चालव!"

"माझ्या चालवण्याने नाही वाढत तो," बायको शांतपणे म्हणाली. "गेला आठवडा मी आणि बाबा दोघंच होतो, तेव्हा कसा आठवर होता. आज मागे वजन आहे."

सासऱ्यांनी वळून मला आपादमस्तक न्याहाळलं. "जावईबापू, तुम्ही तर या खात्यातलेच. किती असेल हो वजन?"

मी आकडा सांगितला. इतकी वर्षं इमानाने नोकरी केलेल्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदा वजनात मारलं. जास्त नाही, दहा किलोच.

बायकोने गाडी तिच्या दुकानासमोर उभी केली, पुढची सीट वाकवली आणि मला हात देऊन बाहेर ओढलं. दारात तो काटा होता. बिनचूक असल्याच्या शिक्क्यासकट. खाली सही होती, ती माझी.