एका पुलामागे एकतीस प्लगिनं

माणसाने अग्नीचा शोध लावला, तेव्हा शेजारी आणखी एक माणूस बसलेला असणार, आणि अग्नी कोणी पेटवायचा व कोणी नाही हे तो ठरवत असणार. मानवी संस्कृती पुढे गेली ती या दुसऱ्या माणसामुळे. (पहिल्याचे हात भाजले होते.) आमच्या कुटुंबात हे स्थान दादाच्या, म्हणजे माझ्या मोठ्या भावाच्या, थोरल्या जावयांकडे आहे. ते लिफ्ट-तपासनीस आहेत. चालू असलेली गोष्ट थांबवून ती चालते का हे पाहणे, हा त्यांचा व्यवसाय.

गेल्या वर्षी त्यांनी कुटुंबासाठी एका खेळाचा सर्व्हर सुरू केला. सर्व्हर म्हणजे त्यांच्या कपाटावर ठेवलेला, दिवसभर घरघरणारा एक जुना कॉम्प्युटर. खेळ म्हणजे चौकोनी ठोकळ्यांचं जग. त्यात आपापल्या घरून शिरायचं, माती खणायची, घरं बांधायची, मेंढ्या पाळायच्या. चार गावांत पांगलेले आम्ही अकरा जण तिथे रोज संध्याकाळी भेटू लागलो. पहिले नऊ दिवस सगळे आनंदात होते. कोणत्याही संस्थेच्या दृष्टीने ही अवस्था चिंताजनक असते.

दहाव्या दिवशी माझ्या बायकोच्या तीन मेंढ्या माझ्या धाकट्या भावजयीच्या कुंपणात सापडल्या. आता, "अगं, माझ्या मेंढ्या दे," एवढं म्हटलं की प्रश्न मिटला असता. पण घरातल्याच माणसाला तोंडावर कसं सांगणार? बायकोने जावईबापूंना फोन केला. त्यांनी प्लगिन बसवलं.

प्लगिन म्हणजे मूळ खेळ तसाच ठेवून त्याला वरून जोडलेला तुकडा. सदऱ्याला मागाहून खिसा शिवावा तसा. फरक इतकाच, की खिसा शिवल्यावर सदरा आपल्याला हात वर करायची परवानगी मागायला लावत नाही.

पहिल्या प्लगिनने मेंढ्यांना मालक दिले. भावजयीला हे लागलं. पण बायकोला तसं कसं सांगणार? तिने दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकता येऊ नये असं प्लगिन मागून घेतलं. मग रीघच लागली. दगड रचायचा तर 'ज्येष्ठ बांधकामकार' ही पायरी हवी. नदीत पोहायला बंदी (एक आत्या खेळात बुडाली आणि आठवडाभर खऱ्या चहालाही शिवली नाही). एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारून पोहोचायला बंदी, कारण कोणी आगाऊ न कळवता आलं की घर आवरलेलं नसतं. जमिनीवर पडलेल्या वस्तू दर पाच मिनिटांनी गोदामात. साठ सेकंद हालचाल न करणाऱ्याला बाहेर. वर्षअखेरीस एकतीस प्लगिनं झाली. तक्रारींचं प्रमाण शून्यावर आलं. बोलण्याचंही आलं, पण ते मोजणारं प्लगिन नव्हतं. शिस्तीबाबत नव्वद टक्के कुटुंब समाधानी असल्याचं मी केलेल्या पाहणीत आढळलं. (चौघांना विचारलं. एक झोपला होता. त्याला समाधानी धरलं.)

या सुव्यवस्थेत अडथळा एकच, आमचा दादा. त्याने चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. एक ठोकळा ठेवायचा, चष्मा पुसायचा, मागे रेलून बघायचं, मग दुसरा ठेवायचा, ही त्याची पद्धत. त्याचं घर नदीच्या अलीकडे, त्याच्या धाकट्या मुलीचं पलीकडे. ती मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. सोमवारी जहाजावर चढली की चार महिने खेळण्यापुरतं नेट मिळणार नव्हतं. त्याआधी नदीवर पूल बांधायचा आणि तिने चालत आपल्या घरी यायचं, एवढंच दादाच्या मनात होतं.

पूल चाळीस ठोकळ्यांचा. दादा एक ठेवी, चष्मा पुशी, आणि चष्मा डोळ्यांवर येईतो पडद्यावर अक्षरं असत : 'खेळाडू निष्क्रिय. धन्यवाद.' पुन्हा आत शिरायचं तर रांग. शनिवारपर्यंत अकरा ठोकळे झाले. मी म्हटलं, अरे जावयांना सांग. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू जावयांना बाजारातून कोथिंबीर आणायला पाठव म्हणालो. जावईबापू रोज फोनवर विचारत, काही अडचण? दादा म्हणे, छे, छे, उत्तम चाललंय.

शेवटी त्यांच्याच लक्षात आलं. मोठ्या मनाचा माणूस. सासऱ्यांसाठी त्यांनी लगेच त्याच प्लगिनात एक खास सवलत घातली : दादा हलला नाही तरी त्याला हजर धरावं. आता खेळापुढे पेच पडला. जे हजर आहे, पण हलत नाही, ते काय? खेळाने तर्कशुद्ध निर्णय घेतला. ती वस्तू. आणि पाच मिनिटांनी दादाला गोदामात नेऊन ठेवलं.

रविवारी दुपारी धाकटीने सगळ्यांना एकत्र फोन लावला. तिला नदीकाठी बाप दिसत नव्हता.

"बाबा कुठे आहेत?"

"गोदामात," जावईबापू म्हणाले. "सुखरूप आहेत. नोंद आहे."

"भावोजी, सगळं बंद करा."

"सगळं म्हणजे?"

"एकतीसच्या एकतीस."

जावयांना असं आमच्यात कोणी कधी म्हणालं नव्हतं. थोरलीने हळूच सांगितलं, की ते खुर्चीवरून उठले आहेत. मग त्यांनी खरंच सगळं बंद केलं.

पुढच्या तासाभरात आत्या नदीत पोहली, मेंढ्या वाट्टेल तिथे गेल्या, बायको आणि भावजय कोणाची मेंढी कोणती यावरून कडाकडा भांडल्या आणि मग दोघी मिळून दादाला दगड आणून देऊ लागल्या. दादाने एकोणतीस ठोकळे एकेक करून, चष्मा पुसत, ठेवले. कोणी घाई केली नाही. जावईबापू टोकाला उभे राहून पूल तपासत होते. धाकटी निघाली.

"बाबा, पूल तिरका आहे."

"सावकाश चाल. जाणवणार नाही."

ती सावकाश चालली. दादाच्या घरात दोघं बराच वेळ काही न करता उभी राहिली. कोणीही त्यांना निष्क्रिय म्हटलं नाही. सोमवारी ती गेली.

तेव्हापासून प्लगिनं बंदच आहेत, आणि ही लोककल्याणाची गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण पूल तिरका असल्याने त्याचं अलीकडचं टोक माझ्या गाजरांच्या वाफ्यावर उतरलं आहे. तीन रांगांना ऊन नाही. दादाला सांगावं, तर तो रोज संध्याकाळी त्या पुलावर जाऊन उभा राहतो. जावईबापूंना सांगावं, तर ते हल्ली प्लगिन हा शब्दच काढत नाहीत.

आपण मला हसाल. जरूर हसा. पण जिन्यात चपला काढणाऱ्या शेजाऱ्याला एका शब्दाने न बोलता, खाली 'सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की' असा कागद कोणी चिकटवला, हे आपल्याला नक्की ठाऊक आहे. तेव्हा आपलाच माणूस समजून एक विनंती करतो. प्लगिन बसवणारा कोणी आपल्या ओळखीत असल्यास कळवावं. पूल पाडायचा नाही. फक्त दोन ठोकळे डावीकडे सरकवायचा आहे. दादाला कळू न देता.