मंत्री रायाजीराव यांच्या मूळपुरुषाचा शोध

श्री. थोरांच्या पूर्वजांस नमस्कार. आणि जे पूर्वज मेल्यानंतर थोर जाहले, त्यांस अंमळ अधिक वाकून. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी एका राज्यात मंत्री रायाजीराव गवसे यांचा अंमल होता. राव सभेत उभे राहिले की मूळपुरुष हैबतीबाबा यांचे नाव घेत, "आमचा पूर्वज बुरुजावर छातीवर वार झेलून पडला!" ऐसे गर्जत आणि लोक टाळ्या पिटीत. मग निवडणूक जवळ आली आणि विरुद्ध पक्षाने पुरावा मागितला. राव संतापले. त्यांनी बाबांचा घोड्यावरील पुतळा ओतावयास टाकिला आणि वंशाचा शोध करावयास उमाबाई लेले यांस नेमिले. बाई सरकारी कॉलेजात इतिहास पढवीत आणि कोणाची भीड धरीत नसत. ही दुसरी गोष्ट रावांस कोणी सांगितली नव्हती.

मग बाई एस. टी.त बसोन रावांच्या मूळ गावी गेल्या. तेथे रावांची वृद्ध आत्या गजराबाई ओसरीवर शेंगा फोडीत बसली होती, तिजला विचारिले. आत्या बोलिली, "बुरुजावर? अगं बाई, तो लढाईतनं पळाला! साळू नावाच्या एका पोरीच्या दारात येऊन पडला, मागनं शत्रूचे स्वार. साळूनं त्याला लुगडं नेसवलं, पदर ओढला, जात्यावर बसवलं आन् स्वारांना म्हणाली, ही माझी मुकी बहीण. पुढं त्याच्याशीच लगीन लावलं. गवसे हे तिच्या बापाचं आडनाव. त्याचं सोताचं कुणाला ठाऊक?"

मग बाई शेजारगावच्या भाऊबंदांकडे गेल्या. त्यांचे आणि आत्याच्या घराचे पिढ्यान्‌पिढ्या बोलणे नव्हते, तरी त्यांनीही हीच हकीकत सांगितली. बाई परतल्या आणि सर्व वृत्त निवेदन केले. राव बोलिले, "लुगडं काढून टाका. पुतळ्याच्या अनावरणाला बाबा बुरुजावर पडले, एवढंच वाचा."

"वाचते. पण मग लग्न कुणी केलं आणि पोरं कुणाला झाली?"

"बाई, तुमची बदली पार सरहद्दीवर करीन."

"करा," ऐसे बोलोन बाई उठल्या.

अनावरणाचा समारंभ थोर जाहला. आत्यास मंचावर बसविले होते. बाईंस धाक पुरला असेल ऐसे समजोन रावांनी त्यांस वंशावळ वाचावयास बोलाविले, आणि बाईंनी सगळे वाचिले. तोच मागून आरोळी आली, "लुगडेवाल्या बाबांचा विजय असो!" आणि हशा मांडवात मावेना. राव लालबुंद होऊन माइक हिसकू लागले, तो आत्याने धरिला आणि बोलिली, "रायाजी, तो बुरुजावर मेला असता तर तू कुठनं आला असतास? साळूनं जीव धोक्यात घातला, ती तुला कधी आठवली नाही व्हय?"

राव आत्याशेजारी खुर्चीत बसले. मग हलकेच विचारिते जाहले, "आत्या, फार भ्याला असेल का गं तो?"

"भिणारच की. मिसरूड न फुटलेलं पोर ते."

माइक चालूच होता. सर्वांनी ऐकिले आणि हसू आपोआप थांबले. त्या दिवशी पुतळ्यावरील पडदा उघडला नाही. बाईंची बदलीही जाहली नाही.

पुढे राव प्रत्येक सभेत साळूबाईंचे नाव घेऊन डोळे पुसू लागले, टाळ्या पूर्वीहून अधिक पडल्या आणि ते निवडून आले. तरी आपल्या घरी काय निघेल याचा नेम नाही, ऐसे जाणोन बाकीच्या मंत्र्यांनी आपण मांडिलेली वंशशोधाची कामे तातडीने बंद करविली. ऐसे वर्तमान घडले, तैसे लिहिले. ज्यास खोटे वाटेल त्याने आपल्या आत्यास विचारावे.