इब्राहिमभाईंचा जपानी शर्ट

इब्राहिमभाई बसल्या जागी कापडाला गाठी मारत. कुणाचा रुमाल, कुणाची लुंगी, एकदा तर माझ्या उशीचा अभ्रा. हाताला लागेल त्या कापडात चणा ठेवायचा, वरून दोरा गुंडाळायचा आणि दातांनी करकचून ओढायचा. दातांनी, कारण खलाशी असताना उजव्या हाताची दोन बोटं जहाजावरच्या विंचमध्ये, दोर ओढायच्या यंत्रात, गेली होती.

साठच्या दशकातली गोष्ट. दुबईत खाडीच्या काठी एका माडीवर आम्ही रत्नागिरीकडची चार-पाच माणसं राहत होतो. मी कापडाच्या पेढीवर कारकून, इब्राहिमभाई धक्क्यावरच्या गोदामाचे राखणदार. पन्नाशीकडे झुकलेले, आवाज भोंग्यासारखा आणि डोक्यात एकच गोष्ट: जुन्या धर्तीचा, रुंद कॉलरचा शर्ट. निळा, त्यावर पांढरी वर्तुळं आणि छातीवर पांढऱ्या दोऱ्याची नक्षी.

"अरे, ये तो हमारी बांधणी है," गाठी बघून खालच्या मजल्यावरचा कच्छी शेठ म्हणाला.

"बांधणी तुमची," इब्राहिमभाई म्हणाले. "ही शिबोरी. जपानची."

अपघातानंतर ते जपानमधल्या कोबेच्या इस्पितळात पडून होते. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक जपानी खलाशी आपल्या फाटक्या कोटाला टाके घालत बसायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. इब्राहिमभाई दिवसभर भिंतीकडे तोंड करून असत. एक दिवस त्याने सुई त्यांच्या उरलेल्या बोटांत दिली आणि कोट पुढे सरकवला. टाके शिकून झाले, मग गाठी.

पहिल्या शर्टाला त्यांनी कपडे धुवायची नीळ वापरली. एका धुण्यात ती उतरली आणि आमच्या सगळ्यांच्या लुंग्या आकाशी झाल्या. दुसऱ्याच्या गाठी सुटल्या. तिसरा बुडवायला गाढवावरून आलेलं गोडं पाणी त्यांनी पिंपभर ओतलं, तेव्हा आमचा स्वयंपाकी कासम भडकला.

"भाई, आता खलास."

"खलास मी म्हणेन तेव्हा," इब्राहिमभाई म्हणाले. त्यानंतर कित्येक दिवस ते खाडीत आंघोळ करून आपल्या वाटणीचं पाणी साठवत राहिले. अंगावर मीठ फुललेलं असायचं.

खरी नीळ शेवटी एका इराणी दुकानदाराकडे मिळाली. चौथा शर्ट पिंपातून निघाला तो हिरवागार. कासम हसायला लागला. इब्राहिमभाईंनी नुसता हात वर केला. वारा लागला तसा तो हिरवा आमच्या डोळ्यांदेखत निळा होत गेला. गाठी सोडल्यावर आतून पांढरी वर्तुळं निघाली, थोडी वाकडी. कासमने आपणहून चहा ठेवला.

छातीवरचे टाके संपले, तसं त्यांनी बोटीचं तिकीट काढलं. अपघातानंतर ते गावी गेलेच नव्हते.

"एवढा खटाटोप गावात मिरवायला?" मी विचारलं.

ते शर्टाची घडी घालत होते. "घरी बायकोला हाताचं ठाऊक नाही. किनाऱ्यावर लोक आधी शर्टाकडे बघतील. हाताकडे नजर जाईस्तोवर मला आमिनाशी दोन शब्द बोलता येतील."

मी त्यांच्या ट्रंकेचं झाकण उघडून धरलं.

काही महिन्यांनी ते परतले, अंगात साधा पांढरा सदरा. सामान ठेवून माझ्याशेजारी बसले.

"शर्ट बघितला भाबींनी?"

"कुठला बघते! म्हणाली, किती वाळलात तुम्ही. आणि होडीतून उतरताना माझा तोल गेला, तर गुडघाभर पाण्यात येऊन तिने हात धरला."

"कुठला हात?"

"हाच," ते म्हणाले आणि उजवा हात मांडीवर उताणा ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.