तीन बोटं उभी घाला

नांदेडजवळच्या लोह्यात आमच्या शेजारी राहणारे रऊफभाई आधी माणसाचा जबडा बघतात, मग सलाम घेतात. गाल जरा सुजलेला दिसला की संपलं. "तीन बोटं उभी घाला तोंडात. जातात का? न्हाई गेली तर सूज आत हाय." एका लग्नात त्यांनी भर पंगतीत नवरदेवाला बोटं घालायला लावली. त्याच्या गालात लाडू होता.

रक्त काढणं हा त्यांचा धंदा. सकाळी घरोघर फिरून नळ्या भरायच्या, बर्फाच्या डब्यात ठेवायच्या आणि एसटीनं नांदेडच्या लॅबला पोचवायच्या. सीटवर डबा बसतो, रऊफभाई उभे राहतात. कंडक्टर विचारतो, "चाचा, डब्याचं तिकीट काढलं का?"

सगळ्या तपासण्यांत त्यांची लाडकी म्हणजे सीआरपी. मी चौथी शिकलेली. मला वाटलं, पोलिसांची पलटण असेल. तर म्हणाले, "न्हाई मावशी. आग लगती गाल में, बोंब मारता कलेजा. वो बोंब कितनी बडी, ये उसका नाप है. सूज झूट बोलती, खून नई बोलता."

मागच्या उन्हाळ्यात माझीच दाढ ठणकली. मी हळद-चुन्याचा लेप लावला, विटेचा शेक घेतला. चार दिवसांत गाल उतरला. तोवर रऊफभाई दारात हजर.

"बोटं घाला."

एकच गेलं.

"गाल उतरला की आता," मी म्हटलं.

"घास गिळतो का?"

"गिळंना. पण म्हातारपणी किती खायचं?"

त्यांनी सुई काढली. मी शिव्या दिल्या. त्यांनी रक्त घेतलं.

संध्याकाळी आले ते धावतच. "मावशी, सीआरपी दोनशे दहा!"

"चांगले मार्क पडले की."

"हसू नका. सहाच्या आत पाहिजे. पांढऱ्या पेशी बी लई वाढल्यात. पू बाहेर न्हाई गेला, गळ्याकडं उतरून राहिला. उठा, गाडी आणलीय."

"सकाळी बघू."

"सकाळी न्हाई!" हा माणूस ओरडतो हे मला तेव्हा कळलं. मग स्वतःच्या रुमालानं त्यांनी माझ्या गालावरचा लेप पुसला. कातडं सोलून निघेल इतका पुसला.

नांदेडच्या डॉक्टरनं हनुवटीखाली चिरून पू काढला, दाढ उपटली. सकाळपर्यंत थांबले असते तर श्वास कोंडला असता, म्हणाला. पुढं रऊफभाई रोज आकडा विचारायला येत. एकशेवीस, साठ, आठ. आमच्या शाळेत मार्क कमी पडले की मास्तर छडी काढायचा. हा माणूस पाचवर पेढे घेऊन आला. तेसुद्धा आधी बोटं घालायला लावून. तीन गेली.

पेढा खाताना मला शमीम आठवली. रऊफभाईंची बायको. तिचीही दाढच होती. गाल उतरला म्हणून सगळे खूश झाले, गावभर रक्त काढणाऱ्यानं घरातलं तेवढं काढलं नाही. दोन दिवसांत ती गेली.

तिला लेप मी करून दिला होता. तिचा चाळिसावा झाल्यावर रऊफभाईंनी माझी वाटी घासून परत आणून दिली.

अजून गल्लीतल्या बाया दाढ दुखली की लेप मागायला माझ्याकडं येतात. मी वाटी काढत नाही. म्हणते, "आधी तीन बोटं उभी घाल, बाई."