चौथी ओळ

रविवारी दुपारी दोन वाजता कान-नाक-घसा विभागाचा सगळा भार एकट्या पूनमवर येऊन पडला. डॉक्टर होऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते, या विभागात ती परवाच आलेली, आणि कानाबद्दलची तिची सारी विद्या सोमशेखर सरांच्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानातली. ते व्याख्यान मात्र तिने वहीत शब्दन् शब्द उतरवून घेतलं होतं. वही खिशात होती, म्हणून जीव थाऱ्यावर होता.

तेवढ्यात मान वाकडी करून मायाप्पा आत आले. मागोमाग त्यांची बायको तानाबाई.

"ह्यांच्या कानात मेंढराचं गोचीड शिरलंय," तानाबाई म्हणाल्या. "सकाळधरनं मोबाइलची बॅटरी दावतेय, पर भाईर येईना."

"आत नगारा वाजतोय वो बाई!" मायाप्पा कळवळले. "कान गेला तर कसं करू? घुंगराच्या आवाजावर म्या मेंढरं वळखतो."

पूनमने वही उघडली. पडदा शाबूत आहे का पाहावे. तेलाचे थेंब घालून किडा मारावा. बारीक चिमटा तयार ठेवावा. रुग्णाचे डोके स्थिर ठेवावे. चारच ओळी! तिला हायसं वाटलं.

तीन ओळी गुणी बाळासारख्या पार पडल्या. घोडं अडलं ते चौथीपाशी. चिमटा कानाजवळ आला रे आला की मायाप्पांची मान खांद्यात शिरायची.

"काका, हलू नका ना!"

"म्या कुटं हलतोय? मान हलतीया!"

धनलक्ष्मी सिस्टरनी दोन्ही हातांनी डोकं धरलं, तर मायाप्पा सिस्टरसकट सरकले. दारावरचा रखवालदार रेवणसिद्ध मदतीला धावला. त्याचा धक्का लागून तेलाची बाटली लवंडली, तेलावरून त्याचा पाय घसरला आणि तो थेट मायाप्पांच्या मांडीवर जाऊन बसला. शेवटी पूनमने सरांना फोन लावला. सर लग्नाच्या वरातीत होते.

"सर, डोकं स्थिर कसं ठेवायचं?"

"घट्ट!" सर ओरडले आणि बँडमध्ये बुडून गेले.

हात जरा चुकला तर पडदा फाटेल आणि या माणसाची मेंढरं त्याला परकी होतील, या विचाराने पूनमने चिमटा खाली ठेवला.

इतका वेळ तानाबाई बाकावर बसून सगळं बघत होत्या. "बाई, तुमी माणसाला धरताय. मेंढरावानी धरा की!"

त्यांनी नवऱ्याला खाली बसवलं. मागे बाकावर बसून त्याचे खांदे गुडघ्यांत दाबले, एक तळवा हनुवटीखाली, दुसरा कपाळावर ठेवला आणि तोंडाने हळूच "हुर्रर्र" केलं. मायाप्पांनी डोळे मिटले. मान दगडासारखी थांबली. पूनमने चिमटा उचलून आत घातला आणि गोचीड अख्खंच्या अख्खं बाहेर आलं.

तिने पुन्हा आत डोकावून पाहिलं. पडदा जिथल्या तिथे होता. बाहेर कुणाची तरी पैंजणं वाजली.

"आला! आवाज आला!" मायाप्पांनी हात जोडले. "लई उपकार झाले, बाई."

पूनमने मात्र तानाबाईंचे हात धरले. "तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं, मावशी." तिचे डोळे भरून आले होते.

"हात हलका हाय तुजा, पोरी. भ्यायचं न्हाय," तानाबाई म्हणाल्या.

त्यांचा नंबर पूनमने चौथ्या ओळीखाली लिहिला आणि सोमवारी वही सरांपुढे ठेवली. सगळं ऐकून सरांनी तो नंबर आपल्या व्याख्यानाच्या टिपणात उतरवून घेतला.

दोन महिन्यांनी नव्या डॉक्टरांसमोर सर चौथ्या ओळीला आले आणि थांबले. "ही ओळ शिकवायला तानाबाई आल्यात. रुग्ण मी बनतो. अर्थात, माझ्यासारखा शहाणा रुग्ण असला की धरावं लागत नाही."

सर खाली बसले. पूनमने रिकामा चिमटा कानाजवळ नेला. सरांची मान खांद्यात शिरली.

"सायेब, हलताय की!" तानाबाई म्हणाल्या.

"मी कुठं हलतोय?" सर म्हणाले. "मान हलतेय!"